घरच्यांच्या संगणकावर लिनक्स आणताना: शंका ऐकण्यापासून छपाईपर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-अद्यतने थांबली, आणि तेव्हापासून पुण्यातल्या ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: "लॅपटॉप चांगला चालतोय, मग तो भंगारात का काढायचा?" प्रश्न रास्त आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१६-१७ च्या सुमारास घेतलेली असंख्य यंत्रे धडधाकट असूनही बाद ठरतात. अशा यंत्रांवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, व्यवस्थित चालते. परंतु शेजारी आणि नातेवाईक यांच्याकडे ते टाकून देताना मला एक गोष्ट उशिरा कळली. लिनक्स टाकणे हे एका दुपारचे काम असते. ते त्या घरात टिकेल की नाही हे मात्र समोरच्या माणसाच्या मनात आधीपासून काय बसलेले आहे यावर ठरते. म्हणून या मार्गदर्शनात बटणे कोणती दाबावीत याच्या आधी शंकांचे काय करावे, हे सांगितले आहे.

पहिल्या भेटीत पेनड्राइव्ह नेऊ नये

पहिल्या भेटीला फक्त वही आणि पेन घेऊन जावे. "लिनक्स हवे का?" असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाला "बघू" यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी, काल संगणकावर काय केले, गेल्या महिन्यात काय केले आणि वर्षातून एकदाच करावे लागते असे काम कोणते, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. रोजची कामे, म्हणजे ईमेल, बातम्या, बँकेचे व्यवहार, सात-बारा पाहणे, यूट्यूब ही सगळी ब्राउझरमध्ये होतात आणि ब्राउझर सगळीकडे सारखाच असतो. अडचण होते ती वर्षातून एकदा येणाऱ्या कामांची: नोव्हेंबरातला निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला आणि त्यासाठी घरात असलेले ठसे घेणारे उपकरण, विवरणपत्राच्या वेळी सीएने मागितलेली हिशेबाची फाइल, सोसायटीच्या वार्षिक सभेची कागदपत्रे. ही कामे त्या दिवशी कोणालाच आठवत नाहीत, म्हणून गेल्या वर्षातल्या डाउनलोड आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांवर दोघांनी मिळून नजर टाकावी. अर्ध्या तासात खरी यादी तयार होते.

याच भेटीत शंका बोलून दाखवल्या जातात, आणि त्या खोडून काढण्याची घाई करू नये. मला बहुतेक घरांत चारच वाक्ये ऐकू येतात: "फुकट आहे म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार", "ते इंजिनिअर लोकांचं असतं, आमच्या डोक्यावरून जाईल", "आहे ते चाललंय ना", आणि "बिघडलं तर कोण बघणार?" वरवर पाहता ही चारही नकाराची वाक्ये आहेत, पण प्रत्येकाच्या आत एक वेगळे काम दडलेले असते आणि ते काम आपण करायचे असते.

फुकटपणाचा मुद्दा आधी घेऊ. लिनक्स सांगायला गेलेला माणूस बहुधा पहिल्या वाक्यातच "मोफत आहे" असे सांगतो, आणि माझ्या मते तिथेच तो चुकतो. सामान्य घरात विंडोजसाठी वेगळे पैसे दिल्याची आठवणच नसते. ते लॅपटॉपबरोबर आलेले असते किंवा दुकानदाराने फॉरमॅट मारताना क्रॅक केलेली प्रत टाकून दिलेली असते. ज्याला विंडोजही फुकटच मिळाले, त्याला लिनक्सच्या फुकटपणाचे आकर्षण का वाटावे? त्याला उलट संशय येतो. आपल्या भाषेत मोफत आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत, ही मोठीच सोय आहे, आणि तिचा उपयोग करावा. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा भर किमतीवर नसून चार मुभांवर आहे: आज्ञावली (प्रोग्राम) हव्या त्या कामासाठी वापरण्याची, ती उघडून पाहण्याची व बदलण्याची, तिची प्रत दुसऱ्याला देण्याची आणि आपण बदललेली प्रतही वाटण्याची. शेजारच्या काकांना हे सांगताना मी इतकेच म्हणतो की, ही प्रत मी तुम्हाला देतो आहे यात चोरी नाही, आणि तुम्ही ती उद्या तुमच्या भावाला दिलीत तर त्यातही चोरी नाही. क्रॅक केलेल्या प्रतीची टोचणी ज्यांच्या मनात असते, त्यांना हे वाक्य फार लवकर समजते.

त्यानंतर "मग यांना पैसे कोण देतं?" असा प्रश्न येतोच, आणि त्याचे सरळ उत्तर तयार ठेवावे. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या लिनक्स कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, आज काम करणारे बहुतेक जण पगारी आहेत. इंटेल, गूगल, रेड हॅट यांसारख्या कंपन्यांना स्वतःच्या यंत्रांसाठी आणि सर्व्हरसाठी ते लागते, म्हणून त्या पगार देतात. घरगुती वापरासाठी मी सुचवतो ते लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सची एक तयार आवृत्ती, मुख्यतः देणग्यांवर चालते आणि दर महिन्याला देणगीदारांची यादी प्रसिद्ध करते, जशी आपल्याकडे गणेशोत्सवात मंडळाच्या फलकावर वर्गणीदारांची यादी लागते. पैसा कुठून येतो हे दिसले की काळ्याबेऱ्याची शंका पुष्कळ कमी होते.

"इंजिनिअर लोकांचं असतं" या समजुतीचे मूळ आपल्या शिक्षणात आहे. महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी एमएस-सीआयटीच्या वर्गात संगणक शिकला, तो विंडोज आणि एमएस ऑफिसवर. त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण पक्के झाले. केरळमधल्या सरकारी व अनुदानित शाळांत संगणक-शिक्षण अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, आणि तिथली शाळकरी मुले ते वापरतात. म्हणजे अवघडपणा लिनक्समध्ये कमी आणि सवयीत जास्त आहे. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचाच कर्नल आहे, आणि पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या ज्या महासंगणकावर पावसाच्या अंदाजाची गणिते सुटतात, तो २०२४ मध्ये आलेला अर्क, तोही लिनक्सवरच चालतो. हे ऐकून लोक चकित होतात. मात्र चकित झालेला माणूस तयार झालाच असे समजू नये. या माहितीने फक्त "हलक्या दर्जाचे असेल" एवढीच शंका दूर होते.

"आहे ते चाललंय ना" याला सुरक्षा-अद्यतने थांबली आहेत हेच उत्तर आहे, पण सुरक्षेबाबत अवाजवी आश्वासन देऊ नये. "लिनक्सला व्हायरस लागत नाही" असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण फसवी लिंक आणि फोनवर विचारलेला ओटीपी कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर तितकेच घातक असतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळजवळ सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त आज्ञावलीत कोणीतरी गुपचूप चोरवाट बसवल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला आणि त्याने आज्ञावलीचा मूळ कोड उघडून शोध लावला. उघडेपणामुळे धोका टळतोच असे नाही, पण शोध घेणाऱ्याच्या वाटेत कुलूप नसते. मी ही हकीकत जशीच्या तशी सांगतो. दोन्ही बाजू ऐकलेला माणूस पुढे एखादी अडचण आल्यावर फसवणूक झाल्यासारखा चिडत नाही.

"बिघडलं तर कोण बघणार?"

चौथी शंका सर्वांत खरी आहे आणि तिला उत्तर युक्तिवादाने देता येत नाही. पुण्यात सदाशिव पेठेपासून उपनगरातल्या चौकापर्यंत विंडोज टाकून देणारा माणूस कुठेही मिळतो; लिनक्सचे नाव काढताच तोच माणूस "काढून टाकू, विंडोज मारून देतो" असे म्हणतो. ज्याने लिनक्स टाकले त्यानेच पुढचे सहा महिने फोन उचलायचा, हे मनाशी ठरल्याशिवाय दुसऱ्याच्या यंत्राला हात लावू नये. सोबतीला आपल्या शहरात पुणे ग्नू-लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. नडलेल्या प्रसंगी अनुभवी माणसाला विचारता येते, पण आजीचा फोन त्या गटाला नव्हे, आपल्यालाच येणार आहे.

हे मी शिकलो त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून ती हकीकत इथे सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सचिव काकांचा संगणक फार हँग होत होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यावर लिनक्स टाकले, टंकलेखन दाखवले, आणि काका खूश झाले. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी सभासदांच्या हाती पडावी लागते. नोटीस काढण्याच्या संध्याकाळी त्यांच्या जुन्या लेझर प्रिंटरने एकही पान दिले नाही. प्रिंटरचा दिवा हिरवा, पडद्यावर "छपाई सुरू आहे" असा संदेश, आणि ट्रे रिकामा. त्या प्रिंटरसाठी चालणारा ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांना जोडणारा प्रोग्राम, मला रात्री अकरापर्यंत मिळाला नाही. काका पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले, तिथे मजकुराच्या ओळी सरकल्या, आणि साठ नोटिसा दुसऱ्या दिवशी पुन्हा छापाव्या लागल्या. ते मला रागावले नाहीत. "तुमचं लिनक्स चांगलं असेल, पण माझी नोटीस निघाली नाही," एवढेच म्हणाले, आणि त्यांनी दुकानातून पुन्हा विंडोज टाकून घेतले. त्यांचे बरोबर होते. मी त्यांना यंत्राचा वेग विचारला होता, वर्षाचे काम विचारले नव्हते.

आधी प्रोग्राम बदलावेत, मग ऑपरेटिंग सिस्टिम

त्या दिवसापासून मी क्रम बदलला. पहिला महिना विंडोज तसेच ठेवावे आणि त्यावर फायरफॉक्स (ब्राउझर), थंडरबर्ड (ईमेलसाठी) आणि लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलच्या कामांसाठी) बसवून द्यावे. ही तिन्ही विंडोजवरही चालतात आणि मिंटमध्ये आधीपासूनच असतात. वर्ड आणि एक्सेलच्या जुन्या फाइली लिबरऑफिसमध्ये एकेक उघडून पाहाव्यात. साध्या पत्राला किंवा हिशेबाच्या तक्त्याला सहसा काही होत नाही. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या आणि गुंतागुंतीच्या तक्त्यांना मात्र होते. हा महिना संपल्यावर ज्या दिवशी लिनक्स येते, त्या दिवशी पडद्यावरची चिन्हे ओळखीचीच असतात आणि बदलाचा धक्का निम्म्यावर येतो. याच महिन्यात एखादे काम अडले, तर ऑपरेटिंग सिस्टिमला हात न लावता तिथेच थांबता येते.

महिन्यानंतर पेनड्राइव्ह काढावा. लिनक्स मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, म्हणून सध्या तीच निवडावी. चार जीबी रॅम असेल तर हलकी असणारी एक्सएफसीई आवृत्ती आणि आठ जीबी असेल तर सिनॅमन. फाइल साधारण तीन जीबीची असते. ती अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी, सोबत दिलेल्या पडताळणी-आकड्याशी जुळवून पाहावी, आणि विंडोजवरच रुफस या छोट्या प्रोग्रामने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही पुसले जाते. मग संगणक बंद करून सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होमध्ये ती बहुधा एफ१२, तर एचपीमध्ये एफ९ असते.

आता जे सुरू होते त्याला लाइव्ह सत्र म्हणतात, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत यासारखी मोलाची गोष्ट नाही. हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स पेनड्राइव्हवरून चालते. बंद केले की विंडोज जसेच्या तसे. या सत्रात आपण खुर्चीवर बसू नये, ज्याचा संगणक आहे त्याला बसवावे, आणि वहीतली यादी एकेक करून त्याच्याच हाताने तपासावी. वायफाय जोडून पाहावे. आवाज, कॅमेरा आणि व्हिडिओ कॉल पाहावा. बँकेच्या संकेतस्थळावर प्रवेश करून पाहावा. प्रिंटर जोडून प्रत्यक्ष एक पान काढावे. पडद्यावर प्रिंटरचे नाव दिसले म्हणजे झाले असे मुळीच समजू नये. एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीएलआयपी या मुक्त ड्रायव्हरवर चालतात, काहींना वरून एक प्लगइन उतरवावे लागते. इतर कंपन्यांच्या जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरांबाबत आधीच खात्री करून घ्यावी. पान हातात आले की वहीत बरोबरची खूण करावी. या सत्रात यंत्र थोडे संथ चालते, कारण सर्व काही पेनड्राइव्हवरून येत असते, हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर "हे तर विंडोजपेक्षा स्लो आहे" असा समज कायमचा बसतो.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी

या भागाकडे माहितगार लोकही दुर्लक्ष करतात, आणि पुण्यात तर हाच भाग सर्वांत जास्त नडतो. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटांत लिहिलेले मराठी मुळात रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असते. तो फाँट नसेल तर पान उघडताच अगम्य चिन्हे दिसतात. नारायण पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिका काकूंना मी लाइव्ह सत्रात त्यांचाच एक जुना लेख उघडायला सांगितला. पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची रांग उमटली आणि काकूंचा हात माउसवरून एकदम मागे गेला. "सगळं गेलं का?" असे त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले. काहीच गेलेले नव्हते. तो फाँट त्यांच्याच विंडोजमधून घेऊन बसवताच लेख वाचता आला. तरीही त्या फाँटात नवे लिहिण्यासाठी लागणारा प्रोग्राम विंडोजचाच असतो, त्यामुळे जुने लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखेच वाचता येणाऱ्या पद्धतीत, बदलून घेणे हाच टिकाऊ उपाय आहे. आम्ही दर रविवारी पाच-सहा लेख याप्रमाणे ते काम केले, आणि प्रत्येक लेख बदलल्यावर काकूंनी तो मूळ प्रतीशी ताडून पाहिला, कारण रूपांतरात रफार, जोडाक्षरे आणि अवतरणचिन्हे हमखास चुकतात.

नव्या लेखनासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडावा. तिथे इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कळमांडणीही मिळते आणि उच्चारानुसार चालणाराही. ज्यांनी शासकीय कार्यालयात किंवा सी-डॅकच्या प्रणालीवर इनस्क्रिप्ट वापरला आहे त्यांची बोटे काहीही न शिकता चालू लागतात, कारण कळांची मांडणी तीच आहे: शिफ्टसह 'जे' (J) ही कळ दाबल्यावर ऱ, मग 'डी' (D) ने हलन्त, मग य ची कळ, की "दुसऱ्या" मधला ऱ्य उमटतो. लाइव्ह सत्रात "दुसऱ्या कुऱ्हाडीचा घाव, ॲसिड, वाङ्मय, बाळ" एवढे शब्द लिहवून पाहावेत. ते नीट उमटले तर बाकीचे मराठी उमटतेच. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी ठरवावी. काही फाँटांत त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे होतात, आणि काकूंना लिनक्सबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली ती या ल मुळेच. विंडोजमधला मंगल फाँट इथे सोबत येत नाही, म्हणून त्यात केलेल्या मजकुराच्या ओळी सरकतात. दुसऱ्याला पाठवायची प्रत नेहमी पीडीएफ करून पाठवावी. कोथरूडच्या नोटिशीच्या ओळीही याच कारणाने सरकल्या होत्या.

कोणाकडे लिनक्स टाकू नये

ज्यांचे रोजचे काम टॅलीवर, कोरल ड्रॉवर किंवा ऑटोकॅडवर आहे, ज्यांना डिजिटल सहीचा टोकन लावून नियमित कागदपत्रे भरावी लागतात, ज्या विद्यार्थ्यांची परीक्षा विशिष्ट बंदिस्त ब्राउझरमध्ये होते, त्यांच्या मुख्य संगणकावरून विंडोज काढू नये. वाइनसारख्या मार्गाने विंडोजचे काही प्रोग्राम चालतात, पण पोटापाण्याचे काम अशा मार्गावर सोपवणे मला योग्य वाटत नाही. अशा घरात दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी ठेवता येतात, किंवा सरळ नकार देता येतो. मी नकार दिलेल्या दोघांनी नंतर स्वतःहून घरातल्या दुसऱ्या, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेतले.

प्रत्यक्ष टाकण्याचा दिवस

यादीतल्या सर्व ओळींपुढे खूण झाली असेल तरच हा दिवस ठरवावा, आणि सणासुदीचा, परीक्षेचा किंवा विवरणपत्राच्या मुदतीचा आठवडा टाळावा. फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावीत आणि त्यांतली चार-पाच दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करावी. विंडोज शेजारी ठेवायचे असेल तर बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा क्रमांक, कागदावर उतरवून घ्यावी आणि फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद करावे. या दोन गोष्टी विसरल्यामुळे होणारा मनस्ताप मोठा असतो. यंत्रात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर त्याच वेळी एसएसडी बसवावी. यंत्राचा वेग जितका एसएसडीने वाढतो तितका कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमने वाढत नाही, आणि हे श्रेय लिनक्सच्या नावावर लावू नये. बाकी विझार्डमधले प्रश्न सरळ आहेत: भाषा, कीबोर्ड, कोलकाता ही वेळ, नाव आणि पासवर्ड. "संपूर्ण डिस्क पुसावी" की "शेजारी बसवावे" एवढ्या एकाच पानावर थांबून दोनदा वाचावे.

बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर एकदा चालवावा, टाइमशिफ्टमध्ये आठवड्याची प्रत ठरवून द्यावी म्हणजे एखादे अद्यतन बिघडले तर मागे जाता येते, आणि अद्यतनाचे ढालीसारखे चिन्ह दाखवून ठेवावे. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून दाखवण्याचा मोह होतो, तो आवरावा. पहिल्या आठवड्यात एक फोन आपणच करावा, आणि "कसं चाललंय?" असे न विचारता "प्रिंट निघाली का?" असे विचारावे.

निघताना लॅपटॉपच्या पिशवीत एक कागद आणि तोच पेनड्राइव्ह ठेवावा. कागदावर मोठ्या अक्षरांत आपला फोन क्रमांक, प्रिंटरचे नाव, बूट मेनूची कळ, अद्यतने कोणत्या वर्षापर्यंत मिळणार ते वर्ष, आणि विंडोजकडे परत जायचे असल्यास काय करावे याच्या तीन ओळी लिहाव्यात. काकूंनी त्या शेवटच्या तीन ओळी माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्या, कागद घडी करून कपाटात ठेवला, आणि मग लेख लिहायला बसल्या.